आउटबोर्डची सर्व्हिस: मिस्त्रीला १६ हजार द्यावेत की घरीच करावी?

नावाडी_हौशी, बडोदे

मंडळी, सल्ला हवा आहे. चांदोदजवळ मामाच्या शेताला लागून नर्मदेत आमची फायबरची छोटी नाव असते. तिला २५ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड आहे, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. सेकंडहँड घेतलेलं, वॉरंटी केव्हाच संपली. सुटीच्या दिवशी घरची माणसं, क्वचित कुबेरभंडारीच्या दर्शनाला आलेले पाहुणे, एवढाच वापर. धंदा नाही. वर्षाला इंजिन तीसेक तास चालत असेल.

मिस्त्री सुरतेहून येतो. यंदा त्याने १६,००० सांगितले. मजुरी ७,५००, गाडीभाडं ३,००० आणि सामान ५,५००. सामानात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, गिअर ऑइल, प्लग, पेट्रोल फिल्टर आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (रबरी पाकळ्यांचं चाक) किट. किट एकटाच २,३०० चा. मी म्हटलं, इम्पेलर गेल्याच वर्षी बदललात ना? तर म्हणे, "रेती छे साहेब, दर वरसे बदलवुं पडे."

मोटारसायकलचं ऑइल मी स्वतः बदलतो, पाने-पक्कड घरात आहेत. व्हिडिओ बघितले तर हे सगळं एका सकाळचं काम वाटतं. बायकोचं म्हणणं, मधधारेत बंद पडलं तर व्हिडिओवाला वल्हं मारायला येणार आहे का? तिचंही खोटं नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, खरोखर किती वाचतात? आणि दुसरं, मे संपत आला, आता नाव वर काढून झाकून ठेवणार. मग सर्व्हिस दसऱ्याला केली तर चालेल ना?

---

रावपुरा_गॅरेज

माझं स्वतःचं दुचाकीचं गॅरेज आहे, रोज हात काळे होतात, तरी मित्राच्या आउटबोर्डला मी हात लावत नाही. मोटारसायकल बंद पडली तर माणूस कडेला ढकलत नेतो. नदीत ढकलणार कोणाला? बरं, नाव पुढे विकायची झाली तर घेणारा सर्व्हिसची बिलं मागतो. १६ हजार जास्त वाटतात खरे, पण भाव मजुरीत करा, कामात करू नका. इम्पेलर दर वर्षी बदलायला सांगतो तर बदला, रबराचं काय एवढं.

---

मालसरची_मावशी

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. दसऱ्याला नाही, आत्ताच कर. वर्षभर इंजिन चालून जी ओल आणि आम्ल तयार होतं ते जुन्या ऑइलमध्येच मुरलेलं असतं. ते चार महिने बेअरिंगांना चोपडून ठेवायचं आणि मग दसऱ्याला नवं ऑइल घालून पूजा करायची, हा उलटा कारभार झाला. गिअर ऑइलही आत्ताच बघ. खालचा स्क्रू सैल केल्यावर दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय, म्हणजे बहुतेक पंख्याच्या (नाव ढकलणाऱ्या प्रोपेलरच्या) शाफ्टचं सील गेलं. मासे धरणाऱ्यांचा नायलॉनचा दोरा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि सील खातो. म्हणून पंखा काढून बघायचाच, वरवर बघून कळत नाही. असं पाणी पावसाळाभर आत राहिलं तर गिअर आणि बेअरिंग गंजतील, आणि मग १६ हजार स्वस्त वाटतील.

पेट्रोलही काढ. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं नसतं, तेव्हा ताजं असताना सरळ स्कूटरमध्ये घाल. इंजिन कार्ब्युरेटरचं असेल तर त्याची वाटीही खालच्या स्क्रूने रिकामी कर.

आता पैसे. मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये पोरांना पाने धरायला शिकवण्यात नोकरी घालवली, तेव्हा "स्वतः कर" असं म्हणायला माझी जीभ चटकन वळते. पण हिशोब मांडून बघ. इम्पेलर वगळला तर तुझं सामान ३,२०० चं. टॉर्क पाना, ऑइल ओढायचा पंप, गिअर ऑइल भरायचा हातपंप, हे धरून हत्यारांना ६,००० लावू. दोन वर्षं तू केलंस, तिसऱ्या वर्षी मिस्त्री बोलावलास, तर तीन वर्षांचे २८,४०० होतात. दर वर्षी मिस्त्री म्हटलं तर ४८,०००. फरक १९,६००, म्हणजे वर्षाला साडेसहा हजार. लाखो वाचत नाहीत. त्यासाठी एक सकाळ आणि गुडघे द्यायचे की नाही ते तू ठरव. मला त्या सकाळीच मजा येते, म्हणून मी करते.

काय तू करायचं: इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग, पेट्रोल फिल्टर, गिअर ऑइल, ग्रीस. ऑइल काढण्याआधी इंजिन पाण्याच्या ड्रममध्ये थोडं चालवून कोमट कर, कोरडं कधीही चालवू नकोस. ऑइलच्या डब्यावर एफसी-डब्ल्यू असा नावांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांसाठीचा शिक्का बघून घे. मोटारसायकलचं उरलंय म्हणून तेच ओतायचं नाही. गिअर ऑइल वरून ओतायचं नसतं. खालच्या भोकातून पंपाने चढवायचं, वरच्या भोकातून सलग, बुडबुड्याशिवाय यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग पंप काढून पटकन खालचा. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे हवेत. अगदी फुटकळ किमतीची वस्तू, पण लोक तिथेच कंजुषी करतात आणि पाणी आत घेतात.

काय तू करायचं नाही: इम्पेलर, निदान पहिल्यांदा. त्यासाठी इंजिनाचा खालचा पाय उतरवावा लागतो. परत बसवताना उभा शाफ्ट आणि गिअर बदलायची सळई दोन्ही एकाच वेळी जागेवर जावी लागतात. इम्पेलर शाफ्टवर अडकवणारी बोटभरही नसलेली चावी (धातूचा तुकडा) असते, ती काठावरच्या वाळूत पडली की शोधत बसा. पंप नीट बसला नाही तर थंड करणारं पाणी वर चढत नाही आणि इंजिन तापून जाम होतं. व्हॉल्व्हच्या फटीलाही हात लावायचा नाही.

तुझा मिस्त्री रेतीबद्दल खोटं बोलत नाही. नर्मदेची वाळू इम्पेलर घासते, पंपाची वाटीही घासते. पण कंपन्यांच्या पुस्तिकांत साधारणपणे दर वर्षी तपासणी आणि दोन-तीन वर्षांनी बदल असं असतं, आणि तुझे तास थोडे. इंजिन चालू असताना मागून जी पाण्याची धार पडते ती रोज बघायची सवय लाव. धार बारीक झाली तर आधी ते भोक नायलॉनच्या जाड दोऱ्याने साफ कर, चिखल नाहीतर कुंभारमाशीचं घर असतं. तरीही बारीकच राहिली तर फोन कर.

रावपुरेवाले भाऊ, बिलांचं तुमचं बरोबर. सामानाची बिलं आणि इंजिनाचे तास एका वहीत ठेवले तर घेणाराही मानतो. पण "रबराचं काय एवढं" हे तुमच्या गॅरेजात कोणी म्हटलं तर तुम्ही त्याला उभं कराल का?

---

इंदूरकर_राजवाडा

मी तर महेश्वरला बघतो, घाटावरचे डिझेलच्या नावांवाले सगळं स्वतःच करून राहिले आहेत. पण त्यांचं सामान शेतीपंपाच्या दुकानात मिळतं आणि इंजिन उघडंच असतं, कुठूनही पाना जातो. ती तुलना तुमच्या आउटबोर्डला लागू होईल असं वाटत नाही. त्यांच्याकडून एक मात्र घ्या, नावेत दोन वल्ही आणि नांगर कायम. हरणी तलावात नाव उलटून माणसं बुडाली ती जानेवारी २०२४ ची गोष्ट बडोदेकरांना मी काय सांगणार, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवं. १६ हजारांतून वाचलेल्या पैशांत आधी ती घ्या.

---

नावाडी_हौशी, बडोदे

मावशी, खूप आभार. जॅकेटं आहेत, पण दोन लहान मापाची कमी पडतात, ती घेतो. ऑइल-फिल्टरचं या रविवारी करतो. इम्पेलरसाठी मिस्त्रीला यंदाच एकदा बोलावून शेजारी उभं राहून बघावं म्हणतो. तुमच्या मालसरच्या नावेचंही त्याच फेरीत जमलं तर गाडीभाडं अर्धं-अर्धं? आणि जुन्या ऑइलचं काय करू?

---

मालसरची_मावशी

जमेल. त्याला सांग, किट आणायचा पण उघडून बघितल्याशिवाय बसवायचा नाही, आणि जुना इम्पेलर तुझ्या हातात द्यायचा. पाकळ्या वाकून तशाच राहिल्या असतील किंवा चिरा असतील तर नवा, नाहीतर किट त्याच्या पिशवीत परत.

जुनं ऑइल डब्यात भरून घरी आण. काठावर एक थेंब नको. रावपुरेवाले भाऊ त्यांच्या गॅरेजच्या ड्रममध्ये घेतील, घ्याल ना? आणि तारीख ठरवताना अमावस्या टाळ. त्या दिवशी कुबेरभंडारीच्या गर्दीत मिस्त्रीची गाडी डभोईच्या पुढे कधी सरकेल सांगता येत नाही.

---

रावपुरा_गॅरेज

घेतो. डबा झाकणाचा आणा.