जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ताब्यात द्यावे का?

तळकोकणी (धागाकर्ता)
राज्यात नवे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय काढायचे म्हणजे तिथले जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे सोपवायचे, अशी अलीकडे रीतच पडली आहे. सिंधुदुर्गात २०२१ मध्ये महाविद्यालय आले, तेही ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाच्या आधारावर. माझा आक्षेप महाविद्यालयाला नसून या हस्तांतरणाला आहे. जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखाली ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये असतात, आणि या साखळीचे वरचे टोक महाविद्यालयाच्या प्रमुखाकडे, म्हणजे अधिष्ठात्यांकडे गेले की खालून पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे हक्काने विचारणारा कोणी उरत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या मुलाला फुरसे चावले. एका शासकीय रुग्णालयात त्याला प्रतिविष दिले आणि केसपेपरच्या मागे ‘पुढील उपचारासाठी बांबोळी’, म्हणजे गोव्यातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एवढेच लिहून वाटेला लावले. तिथे कोणाशी फोनवर बोलणे झाले होते का, हे ना त्याच्या वडिलांना ठाऊक होते, ना रुग्णवाहिकेच्या चालकाला.

माजी निवासी
चिठ्ठीचा राग रास्त आहे, पण तिचे खापर हस्तांतरणावर फोडता येणार नाही. गोवा सरकारने जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा सिंधुदुर्गात केवढा गहजब झाला होता, ते आठवा. त्या वेळी जिल्हा रुग्णालय पूर्णपणे आरोग्य विभागाकडेच होते आणि तरीही लोक बांबोळीचाच रस्ता धरत होते. बांबोळीच्या महाविद्यालयाचे मूळ १८४२ पर्यंत मागे जाते, पण रात्री दोन वाजता रुग्ण वाचतो तो त्या इतिहासामुळे नव्हे. वॉर्डात त्या वेळी जागा असलेला दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर (पदव्युत्तर विद्यार्थी), त्याच्या वरचा व्याख्याता आणि त्यांना सकाळच्या फेरीत जाब विचारणारा प्राध्यापक, या उतरंडीमुळे तो वाचतो. जिल्हा रुग्णालयात मंजूर पदावरचा एकच भिषक (फिजिशियन) रजेवर गेला, की त्याच्या मागे कोणीच नसते.

तळकोकणी
ती उतरंड नव्या महाविद्यालयात पहिल्या दिवशी असते कुठे? पदव्युत्तर विद्यार्थी येईपर्यंत काही वर्षे जातात. १०० जागांच्या महाविद्यालयाला ४२० खाटा दाखवाव्या लागतात, म्हणून खाटांची भर पडते, पण शिक्षकांची पदे रिकामीच राहतात आणि तपासणीच्या तोंडावर जुन्या महाविद्यालयांतून प्रतिनियुक्तीवर माणसे आणून बसवली जातात. मधल्या काळात बाळंतीण आणि सर्पदंशाचा रुग्ण कोणाचा?

हिशेबनीस
दोघांनीही नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे नाव घेतले नाही, याचे नवल वाटले. १९९८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ संलग्नता देते आणि परीक्षा घेते, पण रुग्णालयाच्या कारभारावर त्याची सत्ता नाही. तरी इंटर्नने वर्षभरात काय शिकायचे, यावर त्याचा शब्द चालू शकतो. ग्रामीण रुग्णालयातल्या फेऱ्या केवळ सहीपुरत्या न राहता त्यांचे खरे मूल्यमापन झाले, तर दोन विभागांमधली दरी थोडी तरी बुजेल. बंधपत्राचीही तीच गत आहे. एमबीबीएसनंतरची एका वर्षाची सेवा टाळून दहा लाख रुपये भरून सुटण्याची सोय वर्षानुवर्षे होती. खासगी शिकवणीला लाखो रुपये मोजणाऱ्या घरांना तो दंड वाटत नव्हता, तो फीचाच एक हप्ता वाटत होता.

माजी निवासी
मूल्यमापनाची सूचना पटते, पण विद्यापीठाच्या हाती आणखी एक कागद देऊन काम होईल, हे पटत नाही. मी स्वतः अशा नोंदवह्या एका रात्रीत भरल्या आहेत. तळकोकणींच्या प्रश्नावर माझे उत्तर असे की संक्रमणाच्या काळात आरोग्य विभागाची पदे हलवू नयेत. शिक्षक पूर्ण भरले जाईपर्यंत दोन्ही आस्थापना एकाच इमारतीत राहाव्यात, मग वेतन दोन तिजोऱ्यांतून निघाले तरी चालेल.

तळकोकणी
एवढे लेखी मिळणार असेल तर हस्तांतरणाला माझा विरोध राहणार नाही. मात्र आदेश कोणाचा चालणार, हेही त्याच कागदावर हवे. एका वॉर्डात दोन साहेब असले की परिचारिकेने कोणाचे ऐकायचे, हा प्रश्न पहिल्याच रात्री उभा राहतो. तो मुलगा बरा होऊन शाळेत जातो आहे. पण त्याला पहिले प्रतिविष टोचणाऱ्या डॉक्टरांना ही बातमी त्याच्या वडिलांनी स्वतः जाऊन सांगितली, तेव्हा कळली.