सेंट थॉमस कॅथीड्रलला आज 'अँग्लिकन' म्हणायचं का?

गिरगावकर: रविवारी फोर्टात वारसा-फेरीला गेलो होतो. माहिती सांगणारी मुलगी सेंट थॉमसला सारखी 'अँग्लिकन', म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं, म्हणत होती. मला हे चूक वाटतं. मुंबईची अँग्लिकन डायोसिस, म्हणजे बिशपच्या हाताखालचा चर्चचा प्रांत, १८३७ साली झाली, पहिले बिशप थॉमस कार. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, त्यात बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्टही आले. मग अँग्लिकन उरलं काय? भिंतींवरच्या गोऱ्या साहेबांच्या संगमरवरी पाट्या?

शरणपूरकर: सीएनआय आजही अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे अँग्लिकन चर्चांच्या जागतिक कुटुंबात आहे की! मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड लोकांच्या जागतिक संघटनांतही आहे, ते मान्य. पण बिशप, कॅथीड्रल, डायोसिस हा सांगाडा कुणाचा? नाशिक १९२९ ला मुंबईतून वेगळी काढली, आजही डायोसिसचं नाव तेच.

नगरी: सांगाडा तुमचा, हेच तर आमचं दुखणं. आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनचं, तिथे बिशप नसायचे. आजी सांगायची, पाळकाला बाहेर ओट्यावर बसवायचे आणि आत मंडळी हात वर करून ठरवायची, हा हवा की नको. आता नेमणूक बिशप करणार. सहा जण एकत्र आले म्हणता, पण पंगत बसली एकाच्याच घरी.

गिरगावकर: थोडं थांबा. कार यांचा पगार कंपनी सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे इथल्याच महसुलातून जायचा. १९३० पर्यंत आपलं चर्च कायद्याने इंग्लंडच्या चर्चला बांधलेलं. आजचा बिशप इथल्या लोकांनी निवडलेला. दोघांना एकाच मापाने कसं मोजता?

पंचहौद: (पुण्यातल्या आमच्या पंचहौद मिशनच्या चहापायी टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं हे सगळ्यांना पाठ, मिशन अँग्लिकन होतं हे कुणाला ठाऊक नसतं. असो.) नगरी, पंगत एकाच घरी नव्हती. नागपूरला ऐक्याच्या वेळी जुन्या अँग्लिकन बिशपांनीही इतर चर्चांच्या पाळकांचे हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतले, म्हणजे सगळ्यांची सेवा एकमेकांनी मान्य केली. दक्षिणेत १९४७ ला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, त्या ऐक्यात असा विधी झाला नव्हता. आणि मूल जाणतं होईपर्यंत बाप्तिस्मा थांबवायचा असेल तर आता तेही चालतं. जुन्या अँग्लिकन घरात हे पचलं असतं?

नगरी: बाप्तिस्म्याचं पटलं. पण हात ठेवून घेतले तरी उठले ते बिशप म्हणूनच ना? आमचा ओटा कुठे गेला?