जाहिरातीआधी विहिरी मोजा: किनाऱ्यावरच्या गावांनी पर्यटकांची मर्यादा ठरवावी का?

कातळसडा (धागाकर्ता)

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीने पर्यटनवाढीचा कोणताही ठराव करण्यापूर्वी मे महिन्यात गावाचे पाणी किती माणसांना पुरते याचा अभ्यास करावा, तो ग्रामसभेपुढे मांडावा आणि त्या आकड्यापलीकडे पर्यटकांच्या खाटांना नाहरकत दाखला देऊ नये, असे माझे मत आहे. ते चर्चेसाठी येथे ठेवत आहे.

सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. माणसे आणण्याची सोय अशी टप्प्याटप्प्याने होत गेली. आलेल्या माणसांचा भार गावाला किती पेलवेल, हे मात्र क्वचितच कोणी मोजले. केप टाउन येथे 2002 मध्ये जबाबदार पर्यटनाचे जे घोषणापत्र निघाले, त्यात ठिकाण आधी राहणाऱ्यांसाठी चांगले व्हावे आणि मग पाहायला येणाऱ्यांसाठी, असा क्रम आहे. आपल्याकडच्या माहितीपत्रकांत तो उलटा दिसतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, हे आपण अभिमानाने सांगतो. तो पाऊस सच्छिद्र जांभ्यातून आणि तीव्र उतारावरून पाहता पाहता समुद्राला मिळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत वाड्यावाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, हे आपण पाहुण्यांना सांगत नाही. आंबा, शाळांची सुटी, मुंबईहून येणारे चाकरमानी आणि पर्यटकांची गर्दी या साऱ्यांची गाठ नेमकी त्याच महिन्यांत पडते. हिशेब कठीण नाही. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरले आहे, तर भारतीय मानकांत हॉटेलच्या एका खाटेमागे 180 लिटर धरतात. म्हणजे हजार वस्तीच्या गावाला 55,000 लिटर लागत असतील, तर त्याच गावात 300 खाटा झाल्या की आणखी 54,000 लिटर लागतील. कागदावर गाव तेवढेच राहते आणि पाण्याची मागणी मात्र जवळजवळ दुप्पट होते.

किनाऱ्यालगत उपसा वाढला की विहिरीत खारे पाणी शिरते. माड ते काही प्रमाणात सोसतो. पोफळ सोसत नाही. शिवाय जांभ्यात खणलेल्या शौचालयाच्या खड्ड्यातले सांडपाणी शेजारच्या विहिरीत झिरपण्याचा धोका असतो, तो वेगळाच. ज्या आगरातल्या सावलीसाठी पर्यटक येतो, तेच आगर त्याच्या आंघोळीच्या पाण्यापायी वाळले, तर त्या व्यवसायाला काय म्हणावे?

खाडीपलीकडचा

आपला पाण्याचा हिशेब मला मान्य आहे, मर्यादेचा मान्य नाही. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देऊन त्यावर घर चालवणाऱ्यांपैकी मी एक आहे, म्हणून माझे मत एकांगी वाटेल. तरीही ते मांडणे आवश्यक आहे.

गावाची मर्यादा 300 खाटा ठरली आणि त्यांपैकी 240 खाटा बाहेरून येऊन जमीन घेतलेल्या दोन-तीन जणांनी आधीच बांधल्या असल्या, तर आपल्या ठरावाचा फटका कोणाला बसेल? त्यांना तर नक्कीच बसणार नाही, कारण त्यांचे बांधकाम ‘पूर्वीचे’ ठरेल. पुढच्या वर्षी मुलाच्या शिक्षणासाठी पडवीलगत एक खोली काढू पाहणाऱ्या बाईला मात्र ग्रामपंचायत सांगेल, की जागा भरल्या. ज्याच्याकडे खोल कूपनलिका आणि टँकर मागवण्याची ऐपत आहे, त्याला पाण्याच्या अभ्यासाची भीती नसते. जो स्वतःच्या विहिरीवर अवलंबून आहे, त्याच्यावरच त्या अभ्यासाचा बडगा येतो. मर्यादा आली की आधी आत शिरलेल्यांची मक्तेदारी पक्की होते, असाच माझा अनुभव आहे.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातून गेले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नव्याने लावलेली पोफळ किंवा माड धरायला पाच-सात वर्षे तरी जातात. त्या मधल्या वर्षांत अनेक घरांना आधार होता तो घरगुती मुक्काम आणि जेवणाचाच. अशा घराला ‘आधी अभ्यास होऊ द्या, मग खोली काढा’ असे सांगणे मला सहृदयतेचे वाटत नाही.

आणखी एक गोष्ट राहते. गणपतीत गावाची वस्ती दुप्पट होते, तेव्हा पाणी मोजण्याची सूचना कोणी करत नाही. मग पर्यटकाचेच पाणी एवढे का खुपते?

रापणकरी

दोन्ही लेखकांनी विहीर आणि खोली यांचा विचार केला. पुळणीचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याचा, विचार कोणीच केला नाही. रापण ओढायला मोकळा किनारा लागतो. जाळे पाण्यात सोडल्यानंतर दोन्ही टोकांना माणसे उभी राहून ते ओढतात, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. ज्या जागी पूर्वी रापण लागत असे, तिथे आता खुर्च्या, छत्र्या आणि पाण्यातल्या खेळांच्या होड्या असतात. पॅरासेलिंगची वेगवान होडी किनाऱ्याजवळ सतत फिरू लागली, की मासळीचा थवा तिथे टिकत नाही. आमच्यातलीच काही मुले त्या होड्यांवर काम करतात, हेही खरे आहे आणि मी ते लपवत नाही.

मात्र ‘अभ्यास’ म्हटले की आम्ही सावध होतो. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरासह सुमारे 29 चौरस किलोमीटरचे क्षेत्र त्यात घेतले. प्रवाळ वाचले पाहिजेत याला आमचा विरोध नव्हता. ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्यांना विश्वासात न घेता रेषा आखली गेली, याला विरोध होता आणि आजही आहे. गंमत अशी, की मच्छीमाराच्या जाळ्याबद्दल नियमांची एवढी चर्चा होते, आणि त्याच प्रवाळांवर पाय टेकून उभे राहणाऱ्या, माशांना पाव खाऊ घालणाऱ्या पर्यटकाबद्दल, तिथेच नांगर टाकणाऱ्या होडीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पाण्याची मोजणी होणार असेल तर किनाऱ्याचीही व्हावी: कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणता पट्टा कोणाचा.

शनिवार-रविवारचा पाहुणा

मी पुण्याहून येणाऱ्यांपैकी आहे, तेव्हा आमच्या बाजूनेही थोडे लिहितो. मे महिन्यात पाणी कमी असते हे खोली ठरवतानाच सांगितले, बादलीने आंघोळ करायला लागेल असे स्पष्ट लिहिले, तर निम्म्याहून अधिक माणसे ते आनंदाने मान्य करतील. उरलेली आली नाहीत तरी गावाचे नुकसान नाही. ज्यांना पुळणीवर गाडी घालायची हौस आहे त्यांचे मी समर्थन करत नाही. भरतीच्या वेळी ती रुतते आणि मग गावातलीच माणसे दोर घेऊन धावतात. अशांकडून दंड घ्यावा, पण तेवढ्यासाठी सगळ्याच पाहुण्यांना संशयाने पाहू नये.

पोफळीची सावली

येथे वेळासचे उदाहरण यायला हवे होते. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले. अंडी चोरणारे आणि ती खाणारे प्राणी यांच्यापासून वाचवण्यासाठी घरटी कुंपणात हलवली जाऊ लागली. कासव महोत्सव 2006 पासूनचा, म्हणजे काही वर्षे काम झाल्यानंतरचा. पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय गावातल्या घरांतच होते. पैसा घरात येतो, म्हणून घरट्याकडे पाहण्याची नजर बदलते. आणि आधी कासव, मग पाहुणा हा क्रम असल्यामुळे ते टिकते. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गट कांदळवनाची जी सफर घडवतो, तिथेही होडी वल्हवणारी आणि माहिती सांगणारी बाई गावचीच असते.

तरीही वेळासच्या धर्तीवरच्या प्रत्येक उपक्रमाची पारख होत राहावी, असे मी आग्रहाने म्हणेन. कासवाचे पिल्लू वाळूतून वर आल्यावर पहिल्या काही तासांत विलक्षण जोमाने पोहते. तो जोम त्याला किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात नेण्यासाठी असतो. पाहुण्यांच्या सोयीसाठी ठरवलेल्या वेळेपर्यंत त्याला टोपलीखाली थांबवले, तर त्याची शक्ती वाया जाते. म्हणून सोडण्याची वेळ पिल्लांच्या हिशेबाने ठरावी. पाहुण्याला कधीकधी एकही पिल्लू दिसणार नाही, आणि तसे त्याला आधीच सांगितलेले असावे. उत्सव एकदा लोकप्रिय झाला, की पाहणी करणारी वही बंद होते आणि फक्त नोंदणीची वही उघडी राहते, अशी भीती मला वाटते.

खाडीपलीकडचा यांच्या मक्तेदारीच्या मुद्द्याला केरळातल्या कुमरकमचे उत्तर अंशतः लागू पडते. तिथे 2008 मध्ये जबाबदार पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा मोठ्या हॉटेलांनी भाजीपाला गावातल्या महिलांच्या गटांकडून घ्यावा अशी व्यवस्था बसवली गेली. पुढे 2017 मध्ये त्या राज्याने त्यासाठी स्वतंत्र मिशनच स्थापन केले. हॉटेल मोठ्याचे असले तरी त्याच्या स्वयंपाकघराचा पैसा गावात फिरला पाहिजे, एवढी अट आपल्या ग्रामसभाही मागू शकतात. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या किती हॉटेलांत कोकम गावचे असते आणि किती ठिकाणी बाटलीतले लाल सरबत मिळते, ते पाहावे.

कातळसडा

गणपतीचा दाखला येथे लागू होत नाही. भाद्रपदात विहिरी काठोकाठ असतात, आणि येणारा चाकरमानी त्याच घरचा असतो. प्रश्न वैशाखाचा आहे.

मक्तेदारीचा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि माझ्या ठरावात त्याची सोय करता येते. गावात कायम राहणाऱ्या प्रत्येक घराच्या पहिल्या दोन खोल्या मर्यादेबाहेर ठेवाव्यात. उरलेल्या पाण्यातून मोठ्यांचा वाटा ठरावा, आणि तो आधी बांधलेल्यांनाही लागू असावा. जुन्या हॉटेलच्या खोल्या पाडायला कोणी सांगत नाही. पण मे महिन्यात त्यांच्यापैकी किती चालू ठेवायच्या, हे ग्रामसभा सुचवू शकते. छपरावरचे पाणी साठवण्याची टाकी आणि सांडपाण्याची नीट सोय असल्याशिवाय नवा दाखला देऊ नये, यात तर कोणाचे नुकसान आहे असे मला वाटत नाही. रापणकरी यांची किनाऱ्याच्या वेळापत्रकाची सूचना मी ठरावाच्या मसुद्यात घेतो.

खाडीपलीकडचा

‘ग्रामसभा सुचवू शकते’ येथेच घोडे अडते. सूचना ऐकली नाही, तर मेच्या पंधरवड्यात हॉटेलच्या दारात उभा राहणारा टँकर कोण परत पाठवणार? ग्रामसेवकाकडे एकेका वेळी दोन-दोन गावांचा कारभार असतो. सरपंचाच्या भावाचे हॉटेल असले, तर ठरावाची वही कपाटातून बाहेरही येणार नाही. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 मध्ये निघाली, पुढे 2011 आणि 2019 मध्ये ती बदलली. भरतीरेषेपासून किती अंतर सोडायचे हे तिच्यात लिहिलेले आहे, आणि तरीही पुळणीला खेटून काय काय उभे राहिले आहे ते आपण सगळे पाहतो. केंद्राच्या अधिसूचनेची ही अवस्था असताना ग्रामपंचायतीच्या मर्यादेवर माझा विश्वास बसत नाही.

मोजणीला माझा विरोध नाही. येत्या मे महिन्यात माझ्या वाडीतल्या विहिरींची पातळी दर आठवड्याला दोरीने मोजून शाळेच्या फळ्यावर लिहायची, हॉटेलांत किती टँकर आले तेही त्याच फळ्यावर लिहायचे, एवढे मी करायला तयार आहे. पण हे आकडे सर्वांनी एक उन्हाळाभर पाहिल्याशिवाय मर्यादेचा ठराव ग्रामसभेत आला, तर मी विरोधात मत देईन.

रापणकरी

फळ्यावर एक रकाना पुळणीसाठीही ठेवा. कोणत्या दिवशी रापण लागली आणि कोणत्या दिवशी जागा नसल्यामुळे लागली नाही, ते आम्ही लिहून देऊ.