सासूबाईंना पाळी गेल्यावर चार वर्षांनी डाग दिसला, दाखवायलाच हवं का?

शेळगीची_सून
सासूबाई 56 वर्षांच्या. पाळी जाऊन चार वर्षं झाली. गेल्या आठवड्यात परकराला दोनदा तपकिरी डाग दिसला, अंगठ्याएवढा. दुखत नाही, ताप नाही. त्यांचं म्हणणं, दिवसभर पत्र्याखाली बसून विड्या वळायच्या, त्यात सोलापूरचं ऊन, उष्णतेनं झालं असणार. सब्जा आणि गुलकंद सुरू केलाय. शुगरची गोळी चालू आहे. डॉक्टरचं नाव काढलं की "या वयात आता काय दाखवायचं" म्हणतात. थांबून बघू की नेऊ?

ओपीडी_सिस्टर
न्या ताई, याच आठवड्यात. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर दिसलेला एक डागसुद्धा, लाल असो, गुलाबी असो की तपकिरी, तपासून घ्यायचाच. उन्हानं लघवीला जळजळ होते, गर्भाशयातून रक्त येत नाही. सब्जा खुशाल पिऊ द्या, पण त्याच्या भरवशावर महिना घालवू नका.

घाबरू नका, अशा दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींत कर्करोग निघत नाही. बहुतेक वेळा आतली त्वचा पातळ, कोरडी झालेली असते, नाहीतर छोटासा कोंब (पॉलिप, साधी मांसल वाढ) असतो. पण ती दहावी कोण हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि शुगर, बीपी, जास्त वजन असेल तर धोका वाढतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा अशा डागानंच पहिल्यांदा कळतो, म्हणून तो लवकर हाती लागतो आणि पुष्कळदा ऑपरेशननं बरा होतो. अंगावर काढलं तर ही संधीच जाते.

तोवर पांढरं सुती कापड वापरायला सांगा. लघवीनंतर आणि संडासनंतर वेगवेगळं पुसून बघितलं की रक्त अंगावरून जातंय, लघवीतून येतंय की मूळव्याधीचं आहे, याचा अंदाज येतो.

विजापूर_रोड
पॅप स्मिअर करून घ्या. नॉर्मल आला की चिंता मिटली.

गायनॅक_रेसिडेंट
नाही मिटत. पॅप स्मिअर गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशी बघतो, अस्तर त्याच्या वर आत असतं. पॅप नॉर्मल येऊन आत आजार असणं अगदी शक्य आहे, आणि नेमकं याच समजुतीपायी उशीर होतो.

आधी स्पेक्युलम (योनी उघडी धरायचं उपकरण) घालून गर्भाशयाचं तोंड आणि योनी बघतात, मग खालून सोनोग्राफी. या सोनोग्राफीला लघवी करून जायचं. पोटावरून करायची असेल तर मात्र पाणी पिऊन लघवी रोखून ठेवावी लागते, कोणती आहे ते आधी विचारा. अस्तर 4 मिमी किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी. त्याहून जाड असेल तर बारीक नळीनं अस्तराचा तुकडा घेतात. पाळीच्या वेळी येते तशी कळ मिनिटभर येते, बहुतेकदा भूल लागत नाही. रिपोर्टमध्ये "नमुना अपुरा" असं आलं तर त्याचा अर्थ नॉर्मल असा घेऊ नका. आणि अस्तर पातळ असूनही डाग पुन्हा दिसला तर दुर्बिणीतून आत बघायला हवं.

चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, विशेषतः रक्त पातळ करणारी किंवा स्तनाच्या कर्करोगासाठीची टॅमॉक्सिफेन असेल तर. सिव्हिलला जाणार असाल तर रेशनकार्ड आणि आधारकार्डही ठेवा, पुढे ऑपरेशन लागलं तर महात्मा फुले योजनेसाठी लागतात. कर्करोग निघालाच तर उपचारांसाठी मुंबईच गाठावी लागते असं नाही, आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटल आहे.

सासूबाईंना लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर मागून घ्या. आत तुम्ही जवळ उभं राहू शकता, तसं सांगितलं की बायका तयार होतात.

औषधपेटी
मेडिकलवरून "रक्त थांबायची गोळी" घेऊन देऊ नका. ट्रानेक्झॅमिक ॲसिडनं डाग थांबेल, कारण तसंच राहील. पायाच्या शिरेत पूर्वी गुठळी झाली असेल तर ती गोळी धोक्याचीही आहे. वारीसाठी पाळी पुढे ढकलायला आणलेल्या गोळ्या घरात शिल्लक असतील, त्याही नकोत.

शेळगीची_सून
उद्याच नेते. एक माझं विचारू का? मी 43. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते आणि मग दहा दिवस जाते. चाळिशीत असं होतंच म्हणतात.

ओपीडी_सिस्टर
अंतर मागेपुढे होतं, ते खरं. पण सात दिवसांच्या वर जाणं, तासा-दोन तासांत पॅड भिजणं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडणं, मधेच किंवा संबंधानंतर रक्त दिसणं, यातलं एकही असेल तर दाखवायचं. तुमचे दहा दिवस यात बसतात. आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा. 43 व्या वर्षीही दिवस जातात आणि पाळी लांबली की ते लक्षात येत नाही. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तर बघतीलच, चाळिशी उलटल्यामुळे अस्तराचा तुकडाही घ्यायला सांगतील, त्याला नाही म्हणू नका. सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड बदलावं लागलं, चक्कर आली किंवा धाप लागली तर नंबर लावत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

उद्या सासूबाईंच्या केसपेपरबरोबर तुमचाही काढा.