मदत हवी आहे: आईचे गुडघे, नऊ दिवस आणि सोलापूरहून निघणारी सहल

कोरडवाहू:

नमस्कार. आम्ही सोलापूरचे पाच जणांचे कुटुंब आहोत. मी एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो, पत्नी शिकवण्या घेते, मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे, आणि आई यंदा एकाहत्तर वर्षांची होईल. मला वर्षातून एकदाच सलग नऊ दिवसांची रजा मिळते आणि ती दिवाळीत घ्यायची की नाताळात, एवढेच माझ्या हातात असते. अट एकच आहे, ती म्हणजे संक्रांतीच्या आधी घरी परतायचे, कारण सिद्धेश्वराच्या यात्रेतला अक्षता सोहळा आईने आजवर चुकवलेला नाही आणि ती पुढेही चुकवणार नाही.

आमच्यासमोर सध्या दोन पर्याय आहेत. मुलीला मेघालयातले झाडांच्या मुळांचे पूल पाहायचे आहेत. पत्नीला केरळ हवे आहे, म्हणजे मुन्नारचे चहाचे मळे आणि अलप्पुळाचे पाणी. मुलाला समुद्र असला म्हणजे झाले. खर्चाची मर्यादा पाच जणांना मिळून साधारण सव्वा लाखाची आहे.

आता मूळ अडचण सांगतो. मागच्या वर्षी मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४ अंशांवर असताना आम्ही एका यात्रा कंपनीबरोबर हिमाचलला गेलो होतो. सात रात्री, चार हॉटेले आणि रोज पहाटे बॅगा बांधून दाराबाहेर ठेवणे, असा तो कार्यक्रम होता. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. सपाट जागेवर ती सावकाश चालते, पण वीस-पंचवीस पायऱ्यांनंतर तिला बसावे लागते. कंपनीच्या माणसाने फोनवर ‘आजींची काही अडचण होणार नाही’ असे सांगितले होते. प्रत्यक्षात प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे मिळत, आम्ही चौघे धावतपळत वर जाऊन फोटो काढून येत असू आणि आई गाडीतच बसून राहत असे. एके ठिकाणी मी परत आलो तेव्हा ती पदराने खिडकीच्या काचेवरची वाफ पुसत होती. काच आतून पुसून झाली होती, बाहेरून मात्र धुळकटच होती, आणि त्या धुरकट काचेतून तिने समोरचा सगळा हिमालय पाहिला होता. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारले तेव्हा ती छान झाले म्हणाली. मला मात्र रात्री जेवताना एवढेच म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी मला फिरवू नकोस रे, एका जागी बसून बघू दे.’’

म्हणून या वेळी मी प्रश्न उलटा विचारतो आहे. कोणत्या प्रदेशात जावे याआधी मला हे कळायला हवे, की आपल्या देशात अशी निसर्गरम्य ठिकाणे कोणती, जी बसल्या जागेवरून पुरेपूर पाहता येतात, आणि तरीही दोन मुलांचे पाय मोकळे होतील एवढे त्यांच्या आसपास असते. आईला एका बाकावर दोन तास बसवून आम्ही फिरून आलो, तर त्या दोन तासांत तिच्यासमोर खरोखर काहीतरी घडत असावे. वाहनतळ आणि वडापावची गाडी तिला सोलापुरातही दिसते. शक्य असेल तर विमान टाळायचे आहे, कारण त्यासाठी आधी पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागेल. वरील दोन पर्यायांपैकी कोणता घ्यावा, कोणत्या सुट्टीत घ्यावा, आणि दोन्ही चुकीचे असतील तर तसेही स्पष्ट सांगावे.

मोसमी:

आपला प्रश्न आवडला. आधी सुट्टीचे बोलू, कारण ठिकाण निवडताना महिन्याकडे लक्ष दिले नाही तर बाकीचा विचार वाया जातो. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडचा पाऊस संपलेला असतो, म्हणून देशभर तसेच असेल असे आपण धरून चालतो. केरळ आणि तामिळनाडूत तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस सुरू असतो. केरळात तो बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो. सकाळ स्वच्छ असते आणि तीननंतर मुन्नारचा डोंगर ढगांत जातो. नीलकुरिंजी या निळ्या फुलांच्या बहराचा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाकावा, कारण मुन्नारला ती फुलण्याचे मोठे वर्ष २०१८ हे होते आणि ती १२ वर्षांनी फुलते.

नाताळात केरळची हवा उत्तम असते, पण गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली असतात. तरीही आपण केरळच ठरवलेत, तर हाऊसबोटीवर रात्र काढण्याचा आग्रह धरू नये. संध्याकाळ झाली की ती बोट काठाला बांधून ठेवतात आणि पैसे मात्र तरंगण्याचे द्यावे लागतात. त्याऐवजी राज्य जलवाहतूक विभागाची अलप्पुळाहून कोट्टयमला जाणारी साधी प्रवासी बोट घ्यावी. अडीच तासांच्या त्या प्रवासात शाळेची मुले, भाजीच्या टोपल्या आणि समुद्रसपाटीहून खाली असलेली कुट्टनाडची भातशेती, सगळे बाकावर बसून दिसते. पुणे–कन्याकुमारी गाडी सोलापूरवरूनच जाते, त्यामुळे विमानाची गरज नाही. मुन्नारच्या घाटातली वळणे मात्र आईंना मानवतील का, याचा विचार आपणच करावा.

उतरंड:

मेघालयाबद्दल स्पष्ट सांगतो, आईंना घेऊन या वेळी जाऊ नये. मुलीने पाहिलेला फोटो बहुधा नोंग्रियाटच्या दुमजली पुलाचा असेल. तिथे उतरायला ३,००० हून अधिक पायऱ्या आहेत आणि उतरलेल्या सगळ्या परत चढाव्या लागतात. मी चाळिशीत तो पूल पाहिला आणि नंतर दोन दिवस हॉटेलचा जिना बाजूला तोंड करून उतरत होतो. मावलिनाँगजवळचा रिवाईचा पूल त्या मानाने बराच सोपा आहे, पण पायऱ्या तिथेही चुकत नाहीत.

शिवाय नाताळात तिथे लवकर अंधार पडतो. डिसेंबरच्या अखेरीस शिलाँगला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, हे आपल्याकडच्या माणसाच्या लक्षातच येत नाही आणि दिवसाचा सगळा आराखडा कोलमडतो. उमंगोट नदीचे पाणी तेव्हा काचेसारखे असते हे खरे, पण त्या एका होडीसाठी एवढ्या लांब जाणे आपल्या खर्चात बसणार नाही. मुलीला सांगावे, की रबराच्या झाडाची मुळे ओढ्यावरून वळवून तो पूल चालण्याजोगा व्हायला कित्येक वर्षे जातात, तेव्हा तो आणखी चार वर्षे तिची वाट नक्की पाहील.

कोरडवाहू:

दोघांचेही आभार. मुलीला हे वाचून दाखवले. तिने ‘चार वर्षे’ हे शब्द वहीत तारखेसह लिहून माझी सही घेतली आहे. केरळ अजून विचारात आहे, पण घाटातल्या वळणांचा मुद्दा खरा आहे. आईला तुळजापूरच्या घाटातसुद्धा लिंबू हातात धरावे लागते.

तिसरी_घंटा:

मी रेल्वेतून निवृत्त झालो आहे, त्यामुळे माझी दृष्टी रुळांपुरती आहे, पण सोलापूरकरांनी आपल्याच स्थानकाचा फलक नीट वाचावा असे मला नेहमी वाटते. मुंबई–भुवनेश्वर कोणार्क एक्सप्रेस रात्री सोलापूरला थांबते. तीत बसले की गाडी न बदलता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विशाखापट्टणम येते. वेळा बदलत असतात, तेवढ्या तपासून घ्याव्यात. आपल्याकडून माणसे पुणे आणि मुंबईकडे सतत जातात, पण ही गाडी पूर्वेला कुठवर जाते हे फारसे कुणाच्या मनात येत नाही.

माझी सूचना अशी. तीन रात्री विशाखापट्टणम येथे समुद्रासमोरच्या एकाच हॉटेलात राहावे. मुलासाठी किनाऱ्यावरच ‘कुरसुरा’ ही खरी पाणबुडी संग्रहालय म्हणून ठेवलेली आहे. ती आतून फार अरुंद आहे, त्यामुळे आईंनी बाहेर समुद्राकडे तोंड करून बसावे. एक दिवस सकाळच्या गाडीने अराकूला जावे. साधारण चार तासांत गाडी समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ९०० मीटर उंचीवर चढते आणि वाटेत पन्नासहून अधिक बोगदे लागतात. या मार्गावर मोठ्या काचांचा विस्टाडोम डबा जोडतात आणि त्याचे आरक्षण मिळाले तर आईंना हवी तशी, एका जागी बसून पाहायची सहल चार तास चालते. माझ्या मते त्या दिवसात अराकू गावापेक्षा ही गाडीच अधिक पाहण्याजोगी आहे. उतारांवर पिवळी शेते दिसतील, ती पाहून ओळख पटते का पाहा. ती आपली कारळी आहेत, चटणीची. ऐन बहर नोव्हेंबरात असतो आणि डिसेंबरअखेर तो ओसरू लागतो. बोर्रा गुहांत पायऱ्या पुष्कळ आहेत, तिथे चौघांनीच जावे.

तिथून दिवसाच्या गाडीने भुवनेश्वरकडे निघावे आणि खिडकी उजव्या हाताची घ्यावी. चिलिका सरोवर लोहमार्गाला अगदी लागून येते आणि बराच वेळ सोबत राहते. पुढे पुरीला दोन किंवा तीन रात्री. आईंना चार धामांपैकी एक धाम घडेल, पण जगन्नाथाच्या सिंहद्वारातून आत गेल्यावर २२ पायऱ्या आहेत, हे आधीच सांगून ठेवावे.

आता तिकिटांचे. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे १२० दिवस नाही. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा राखीव कोटा आहे. तो पुरुषांना ६० आणि स्त्रियांना ४५ वर्षांपासून लागू होतो, आणि एका तिकिटावर अशा एक किंवा दोनच व्यक्ती असाव्या लागतात. पाच जणांचे एकत्र तिकीट काढले की तो मिळत नाही आणि मग प्रवासभर लोकांना विनवण्या कराव्या लागतात. आईंचे तिकीट वेगळे काढावे.

मोसमी:

ही योजना केरळपेक्षा चांगली आहे, हे मान्य करतो. फक्त ती दिवाळीत करू नये. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचे महिने आहेत. २०१३ चे फायलिन, २०१४ चे हुदहुद आणि २०१८ चे तितली, ही तिन्ही ऑक्टोबरात याच किनाऱ्यावर आदळली. दरवर्षी तसे होते असे नाही, पण ज्याला वर्षातून एकदाच रजा मिळते त्याने ही जोखीम का घ्यावी? नाताळात तिथे कोरडी, सौम्य थंडी असते.

माळढोक:

चिलिकाचे नाव निघाले म्हणून लिहितो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) आणि चक्रवाक हे पक्षी आपण पाहतोच, मग त्यासाठी ओडिशा कशाला, असे मलाही वाटले होते. मंगलाजोडीला गेल्यावर तो प्रश्न उरला नाही. चिलिकाच्या उत्तर काठावरचे हे गाव एके काळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी ओळखले जाई. पुढे त्याच शिकाऱ्यांपैकी अनेकांनी बंदुका ठेवून दिल्या आणि आता ते पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात. होडीला इंजिन नसते, नावाडी बांबूने ती रेटतो, त्यामुळे शेवाळ आणि मासोळीच्या वासात आणि पूर्ण शांततेत पाणथळीच्या मधोमध जाता येते. आमच्या होडीपासून दहा-बारा हातांवर मळगुजे हे लांब चोचीचे पक्षी चिखलात चोची खुपसत होते आणि एकही उडाला नाही. आईंना दोन तास बसूनच राहायचे आहे.

चिलिकाकाठच्याच सातपाड्याला इरावती डॉल्फिन दिसतात, पण तिथल्या यांत्रिक होड्या त्यांच्या मागे लागतात. आपल्या नावाड्याला इंजिन लांबच बंद करायला सांगावे. पैसे तेवढेच पडतात आणि डॉल्फिन उलट अधिक वेळ दिसतो.

कोरडवाहू:

सर्वांचे मनापासून आभार. ठरले आहे. नाताळची सुट्टी, कोणार्क एक्सप्रेस, तीन रात्री विशाखापट्टणम, एक रात्र चिलिकाकाठी आणि तीन रात्री पुरी. केरळ गेल्याचे पत्नीला वाईट वाटेल अशी भीती होती, पण ती सोलापूरच्या पूर्व भागातली, तिचे माहेर तेलुगू बोलणारे. विशाखापट्टणमला माझ्याऐवजी ती हॉटेलवाल्याशी बोलेल आणि मी बॅगा सांभाळीन, या कल्पनेनेच ती खूश झाली. आईने पुरीचे नाव ऐकल्यावर २२ पायऱ्यांचे गणित स्वतःच मांडले, सात, सात आणि आठ, मध्ये दोनदा बसायचे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी किती न्यायची यावर घरात चर्चा सुरू आहे.

एकच शंका उरली आहे. मंगलाजोडीच्या होडीत चढताना पाय किती उचलावा लागतो? आणि आत बसायला काय असते?

माळढोक:

होडी उथळ आणि सपाट असते, काठावरून खाली पाय टाकून उतरावे लागते आणि ती थोडी हलते. दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी धरले तर जमते, नावाडी स्वतःही हात देतात. आतली बैठक मात्र फारच ठेंगणी असते. गुडघे दुमडून दोन तास बसणे आईंना जड जाईल, तेव्हा वीतभर उंचीचे काहीतरी घरून न्यावे. उंच स्टूल नेऊ नये, तोल जातो.

कोरडवाहू:

आईला विचारले. तिने ओट्याखालचा तांदूळ निवडायचा पाट काढून, धुऊन, उन्हात ठेवला आहे. निघायला अजून अडीच महिने आहेत.