चौथा नंबर

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या पाचव्या रविवारी आमच्या घरच्या ग्रुपवर जे बोलणं झालं ते इथे उतरवते आहे. ज्याच्याबद्दल आहे तो माझा भाचा, अकरावी सायन्सला, पुण्यात. "टाक आत्या, फक्त नाव नको," असं त्याने स्वतःहून सांगितलं. मग सगळ्यांचीच नावं काढली आणि नाती त्याच्या बाजूने ठेवली. आत्या म्हणजे मी, हॉस्पिटलात सिस्टर (नर्स) आहे. आजी नगरला असते (कागदावर आता अहिल्यानगर, तिच्या तोंडी नगरच). ती टाईप करत नाही, व्हॉइस नोट पाठवते. त्या मी ऐकून लिहून काढल्या आहेत. मधली फुलं आणि वचनांची चित्रं गाळली.

*रविवार संध्याकाळ*

बाबा: (फोटो) क्लासच्या बोर्डावरची यादी. १८० मुलांत चौथा! पहिल्या पाचांना बारावीच्या फीत निम्मी सवलत. प्रभूची स्तुती असो.

काका: शाब्बास रे पठ्ठ्या! पार्टी कधी?

ताई: भारीच! कळवलं पण नाहीस?

आजी: देवाने कष्ट पाहिले बाळा. पण रविवारी सकाळी परीक्षा ठेवतात हे मला काही पटत नाही. तीन रविवार झाले, उपासनेत पेटी एकटीच वाजते म्हणे. तबल्यावर कोणी नाही.

काका: आई, आता जग रविवारी थांबत नाही.

आत्या: आई, माझे किती रविवार वॉर्डात गेले तुला माहीत आहे. ईस्टरची पहाटेची उपासना लागोपाठ चार वर्षं चुकली. पहाटे चारला टेम्परेचर घेत फिरताना मनातल्या मनात गाणी म्हणायचे. शब्बाथ (विश्रांतीचा दिवस) माणसासाठी आहे, हे प्रभूच म्हणाला ना?

आजी: तुझ्यासमोर पेशंट होता बाई. याच्यासमोर काय आहे? कागद.

तो: बाबा, प्लीज तो फोटो डिलीट करा.

बाबा: का रे? लाजतोस काय!

तो: लाजत नाहीये. सांगतो. टाईप करतोय.

यानंतर बराच वेळ नुसतं 'टाईप करत आहे' दिसत राहिलं. मी ड्यूटी संपवून बसस्टॉपवर उभी होते. दोन बस सोडल्या.

तो: टेस्ट दोन बॅचमध्ये होते, सकाळी ७ आणि साडेनऊ. पेपर एकच. ७ वाल्या बॅचमधून उत्तरं बाहेर येतात. मागच्या रविवारी आम्ही खाली पार्किंगमध्ये उभे होतो, तेव्हा एकाच्या मोबाईलवर फिजिक्सची सगळी २५ उत्तरं आली. मी आधी नको म्हटलं. तर एक जण म्हणाला, राहू दे, तो चर्चवाला आहे, त्याला पाप लागेल. सगळे हसले. तो वाईट मुलगा नाही, आमच्यात असंच चालतं. पण मला कसंतरीच झालं. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि सगळ्यांसमोर उत्तरं वाचली. १४ लक्षात राहिली. मार्कांसाठी नाही वाचली. मी पण त्यांच्यातलाच आहे हे दिसावं म्हणून वाचली. त्याच दिवशी संध्याकाळच्या उपासनेत प्रभूभोजन (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) होतं. मी जागेवरून उठलो नाही. आईला म्हणालो पोट दुखतंय. माझं दृढीकरण (सगळ्यांसमोर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) होऊन सहा महिने पण झाले नाहीत. प्लीज कोणी अभिनंदन करू नका.

सगळ्यांनी वाचलं होतं. निळ्या खुणा दिसत होत्या, पण कोणी काही लिहीना. पहिला मेसेज त्याच्या आईचा आला.

आई: मी त्या दिवशी तुला ओवा दिला होता. पाणी गरम करून.

तो: सॉरी आई.

बाबा: मी ऑफिसमध्ये सगळ्यांना फोटो पाठवलाय. पाळकसाहेबांनासुद्धा. मला आत्ता काही बोलवत नाही.

काका: थांबा जरा, सगळे एकदम सुतकात जाऊ नका. पोराने स्वतःहून सांगितलं, आपल्यापुरता विषय संपला. क्लासची टेस्ट आहे, बोर्डाची नाही. आता सरांकडे गेलास तर बाकीची पोरं अडकणार, आणि त्याच पोरांबरोबर तुला अजून वर्षभर काढायचंय. देवाकडे माफी माग. तो देतो. पुढच्या वेळी बघू नकोस.

माझा भाऊ कोरड्या मनाचा माणूस नाही. उन्हातान्हात मंडळीतल्या म्हाताऱ्यांना पेन्शनच्या कामासाठी घेऊन फिरतो. या पोराचं वर्ष नीट जावं, एवढंच त्याच्या मनात होतं. तरीही तो मेसेज वाचून मला धस्स झालं, कारण अगदी असंच मी कधीकाळी स्वतःला समजावलं होतं. तेव्हा मी लिहिलं.

आत्या: दादा, एक सांगते, जे आजवर आईलाही माहीत नाही. ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी नाइटला होते. रात्री दोनचं टेम्परेचर घ्यायचं राहिलं, डोळा लागला होता. सकाळी चार्टवर सहा पेशंटपुढे ९८.६ भरून टाकलं. त्यातल्या एका बाईंना पहाटे ताप चढलेला निघाला. त्या बऱ्या झाल्या, मला कोणी विचारलंही नाही. मी रोज रात्री गुडघ्यावर येऊन माफी मागायचे, पण त्या बाईंच्या कॉटपाशी गेले की मान वर होत नव्हती. नवव्या दिवशी मेट्रनला जाऊन सांगितलं. शिक्षा झाली. तेव्हापासून आजवर न घेतलेला आकडा लिहिलेला नाही.

आजी: अगं, एवढी वर्षं पोटात ठेवलंस?

ताई: मी इंजिनिअरिंगला आल्यापासून मैत्रिणीची प्रॉक्सी लावते, ती माझी लावते. आणि मी इथल्या तरुण संघाची सेक्रेटरी आहे. मागच्याच बुधवारी उपवासकाळाच्या सभेत 'तुमचं हो ते हो असावं' यावर मीच बोलले. तुझा मेसेज तीनदा वाचला. मला वाटायचं कॉलेज एकीकडे, चर्च एकीकडे.

काका: मग काय, आता सगळ्यांनी कबुलीजबाब द्यायचे का? प्रॅक्टिकल बोला. सर नावं विचारणार. तेव्हा काय सांगणार हा?

तो: मी नावं नाही सांगणार.

आजी: मला एक सांग. पाच जणांना सवलत म्हणता. तू चौथा. मग सहावं कोण?

हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही सगळे त्याचं मन, त्याचे मित्र आणि त्याची फी यांतच गुंतलो होतो. ऐंशी ओलांडलेल्या, मराठी सातवी शिकलेल्या आमच्या आईने थेट यादीतलं पुढचं नाव विचारलं.

तो: एक मुलगी आहे. उरुळीहून दौंडच्या गाडीने येते. गाडी उशिरा आली की धावत येते आणि थेट वर जाते. ती पार्किंगमध्ये नव्हती.

आजी: तिच्या घरचं काय?

तो: माहीत नाही. डबा आणते. कॅन्टीनला येत नाही.

आजी: मग देवाने तुला माफ केलं, तरी तिची निम्मी फी कोण देणार? जक्कयाची, त्या लोकांना लुबाडणाऱ्या जकातदाराची गोष्ट तू शब्बाथ शाळेत (चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात) नाटकात केली होतीस, झाडावर चढून. येशू घरी आला म्हणून तो नुसता रडत नाही बसला. ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. तारणाची गोष्ट प्रभूने त्यानंतर काढली. आणि बायबलात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात काय आहे? वेदीपाशी दान घेऊन आलास आणि कोणाचं मन तुझ्याविरुद्ध आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुझं दान म्हणजे तुझा तबला. रविवारचं मी मघाशी बोलले ते मागे घेते. तू क्लासला गेलास म्हणून तबला बंद पडला, असं मला वाटत होतं.

आत्या: दादा, आपले नाना कीर्तनात लक्ष्मीबाई टिळकांचं सांगायचे, आठवतं? त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. लक्ष्मीबाई तेव्हा कडक सोवळ्यातल्या, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून कितीतरी दिवस वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी. मग विचार करता करता त्यांच्या मनातून जातपात गेली आणि त्या कोणाच्याही हातचं खाऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर. नाना तिथे टाळ थांबवून म्हणायचे, आधी माठ बदलला, मग रजिस्टर.

काका: आठवतं. आणि नंतर सगळ्यांना एकाच माठातलं पाणी द्यायचे.

काका बराच वेळ गप्प. मग:

काका: बरं. पण एकटा जाऊ नकोस. आणि स्वतःपुरतंच बोल. 'मी पाहिलं' एवढंच. कोणी दाखवलं ते त्यांचं त्यांना सांगू दे.

बाबा: मी येतो बरोबर. हाफ डे टाकतो.

तो: खाली थांबाल का? वर मी जातो.

बाबा: थांबतो. आणि फोटो काढलाय ग्रुपवरून. पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, उद्या किती वाजता जातोय सांगा, मी त्या वेळेला प्रार्थनेत असेन.

*सोमवार*

दुपारभर ग्रुप शांत होता. आमच्या आईचा मला तीनदा फोन आला, "आलं का काही?"

तो: झालं. सर चहा पीत होते. मी एका दमात बोललो. त्यांनी कप ठेवला आणि माझी ओएमआर शीट काढायला लावली. लक्षात राहिलेल्या १४ उत्तरांवर मी खूण केली. त्यातली आठ मला तशीही येत होती, पण ते आता कसं सांगणार. नावं दोनदा विचारली. मी म्हणालो, माझं मी सांगितलं. मग म्हणाले, बाहेर थांब. अर्धा तास थांबलो.

बाबा: मी खाली चार वेळा पार्किंगला प्रदक्षिणा घातली.

तो: दोन्ही बॅचची टेस्ट रद्द. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता सगळ्यांची एकत्र. सवलतीसाठी माझं नाव धरणार नाहीत.

काका: फीचं टेन्शन घेऊ नकोस. मी आणि तुझे बाबा बघतो. मुलं काय म्हणतात?

तो: आमच्या ग्रुपमधून मला काढलं. सगळ्यांना परत टेस्ट द्यावी लागतेय ना. डबा एकट्याने खाल्ला. आजी, सांगितल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटत.

आजी: वाटेल असं मी म्हटलं नव्हतं बाळा. जक्कयाला दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, ते कुठे लिहिलेलं नाही. पैसे मोजताना त्याचाही हात जड झाला असेल. तू जेव. काल काय जेवलास?

आई: काल जेवला नाही. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

बाहेर राहून विश्वास धरणं म्हणजे काय, हे मी शब्बाथ शाळेत मुलांना किती वर्षं शिकवते आहे. गळ्यात क्रूस घाल, शिव्या देऊ नको, जेवणाआधी प्रार्थना कर, असं आम्ही सांगतो. मधल्या सुट्टीत एकट्याने डबा खावा लागेल, हे मी एकदाही सांगितलं नव्हतं. या वर्षी दृढीकरणाच्या वर्गाला सांगणार आहे.

*शुक्रवार*

ताई: मैत्रिणीला सांगितलं, यापुढे प्रॉक्सी नाही. ती दोन दिवस बोलली नाही. आज बोलली. माझी हजेरी ७१ टक्के आहे, ७५ लागते, त्यामुळे आता रोज आठच्या लेक्चरला पळतेय.

आजी: पळ. चालणं चांगलं.

तो: पार्किंगमध्ये जो बोलला होता, त्याने काल जर्नल मागितलं. दिलं. तो काही बोलला नाही, मी पण नाही.

आत्या: आणि ती उरुळीची?

तो: आज जिन्यात तिने थांबवलं. विचारलं, तूच सांगितलंस ना? मी हो म्हणालो. म्हणाली, का? मला नीट सांगता आलं नाही. मी म्हणालो, माझ्या आजीने तुझा नंबर विचारला. तिला काहीच कळलं नाही. तिची गाडी होती, ती गेली.

आजी: राहू दे. कधी जमेल तेव्हा सांग. घाई नाही.

तो: आजी, रविवारी झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) आहे आणि टेस्ट ८ ला. सकाळची उपासना परत चुकणार.

आजी: संध्याकाळची आहे ना सहाला? जा. आईला म्हणावं, सकाळच्यातली एक झावळी याच्यासाठी ठेव. तबल्यावर बस. आणि ईस्टरला नगरला येताना तबला घेऊन ये, हातोडीसकट. इथल्याची शाई उडालीय. पहाटे आधी आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती लावू, मग उपासनेला. साडेचारला उठावं लागेल, आत्ताच सांगून ठेवते.