व्हीलचेअर आणि विमानप्रवास : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी-३०२ : नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात आईला विमानाने न्यायचे आहे. गुडघ्यांमुळे तिला व्हीलचेअर लागते. बाकी प्रकृती ठणठणीत आहे. तरीही डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय विमानात घेणार नाही, असे विमान कंपनीने फोनवर सांगितले. ही मागणी नियमाला धरून आहे का?

ए-१०४ (निवृत्त वकील) : ताई, ज्या प्रवाशाला केवळ चढण्या-उतरण्यासाठी मदत हवी आहे, त्याच्याकडे दाखल्याचा आग्रह धरू नये, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम सांगतो. प्रवासात प्रकृती बिघडण्याची शक्यता असेल, तर गोष्ट वेगळी. मदत हवी असल्याचे मात्र आपण ४८ तास आधी कळवायचे असते. ते आजच ईमेलने कळवा, कारण फोनवरचे बोलणे नंतर कुणालाच आठवत नाही.

सी-५०१ : काका, ऐनवेळी दारातच अडवले तर नियम कुणाला दाखवायचा?

ए-१०४ : प्रश्न रास्त आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघालेल्या दिव्यांग हक्क कार्यकर्त्या जीजा घोष यांना, आसनावर बसलेल्या असताना, सेरेब्रल पाल्सी (शरीराच्या हालचालींवर परिणाम करणारा मेंदूचा विकार) असल्यामुळे स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आले. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्यांना उतरवताना कोणत्याही डॉक्टरांचा सल्ला घेतला गेला नव्हता, हे न्यायालयाने नोंदवले आणि माझ्या मते निकालाचे मर्म तेच आहे. पुढे मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात घेतले नाही, तेव्हा इंडिगोला ५ लाख रुपयांचा दंड झाला. त्यानंतर नियमात दुरुस्ती झाली. आता प्रकृतीविषयी शंका असल्यास विमानतळावरील डॉक्टरांनी प्रवाशाला प्रत्यक्ष तपासायचे आणि तरीही प्रवास नाकारल्यास कंपनीने कारण तत्काळ लेखी द्यायचे. तेव्हा अडवले, तर वाद न घालता लेखी कारण मागा.

सी-५०१ : आणि आपल्या नाक्यावरचे रिक्षावाले? व्हीलचेअर दिसली की मान फिरवतात.

ए-१०४ : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७८ नुसार भाडे नाकारणे हा गुन्हाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीत टॅक्सीसाठीचा कमाल दंड २०० वरून ५०० रुपये झाला. रिक्षाचा मात्र ५० रुपयांवरच राहिला. दोन वडापावांच्या किमतीत कोण घाबरणार?

बी-३०२ : काका, ईमेल पाठवला आहे. उत्तर आले की इथेच कळवते.